मांजराचा ओरखडा

मांजराच्या पंजातील नखांनी त्वचा खरवडली अथवा चिरली जाऊन होणारी, बहुधा रेषाकार आणि दोनतीन समांतर रेघांच्या स्वरूपात दिसणारी जखम. घरात मांजर पाळणाऱ्या, धान्याच्या कोठीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी ते ठेवणाऱ्या अथवा केवळ गल्लीतल्या मांजराला दूध घालणाऱ्या व्यक्तीला ती केव्हा ना केव्हा होतेच. बहुसंख्य ओरखडे आठवडाभरात मागमूस न ठेवता बरे होतात आणि म्हणूनच ते सर्व सारखेच दुर्लक्षणीय मानण्याची प्रवृत्ती आढळते. प्रत्यक्षात ओरखड्याचे महत्त्व त्याच्या लांबीवरून किंवा त्यामुळे होणाऱ्या आगीवरून ठरत नाही. त्वचा किती खोलवर फाटली, जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे, मांजराची प्रकृती व वर्तन कसे आहे आणि जखम लगेच धुतली गेली की नाही, या चार गोष्टी निर्णायक असतात. यांपैकी शेवटची सर्वस्वी माणसाच्या हातची असूनही तिचीच सर्वाधिक हेळसांड होते.

नखांची रचना : पाळीव मांजराच्या (फेलिस कॅटस) पुढील प्रत्येक पायाला पाच व मागील प्रत्येक पायाला चार अशी सामान्यतः एकूण १८ नखे असतात. प्रत्येक नख बोटातील शेवटच्या अंगुलास्थीवर बसलेले असते. विश्रांतीच्या स्थितीत लवचिक अस्थिबंधांच्या ताणामुळे ही अस्थी वर व मागे ओढलेली राहते आणि नख कातडीच्या घडीत झाकले जाते. मांजर नखे ‘आत ओढून घेते’ असे व्यवहारात म्हणतात; वस्तुतः नखे आत ठेवण्यास त्याला काहीच श्रम पडत नाहीत, ती बाहेर काढण्यासाठी मात्र बोटे वाकविणारे स्नायू आकुंचित करावे लागतात. निवांत बसलेल्या मांजराचा पंजा मऊ लागतो आणि ते दचकताच तोच पंजा क्षणार्धात शस्त्र होतो, याचे कारण हेच.

नख केराटिन या प्रथिनाच्या एकावर एक बसलेल्या थरांचे असते. बाहेरचा जुना थर टोपणासारखा गळून पडतो व आतील नवे, अणकुचीदार नख उघडे होते. खुर्चीचा पाय, दाराची चौकट वा गोणपाट मांजर ओरबाडते ते काही अंशी हा थर सुटावा म्हणून व काही अंशी पंजातील ग्रंथींचा वास तेथे ठेवून आपल्या हद्दीची खूण करण्यासाठी. नखाच्या मुळाकडील भागात रक्तवाहिन्या व तंत्रिका असतात. पांढुरक्या नखातून हा जिवंत भाग गुलाबी दिसतो, काळपट नखात तो दिसत नाही.

नख वक्र असल्याने त्याचे टोक प्रथम त्वचेत रुतते आणि पंजा मागे घेतला जाताना त्वचा चिरली जाते. माणसाने दचकून हात हिसडला, तर जखम लांब व खोल होते. हात क्षणभर स्थिर ठेवल्यास किंवा किंचित मांजराच्या दिशेने नेल्यास नख बहुधा आपोआप सुटते. मांजर कुशीवर पडून पुढच्या पायांनी मनगट धरते व मागच्या पायांनी लाथा मारते, तेव्हा होणारे बाहूवरील ओरखडे सर्वांत खोल असतात. हीच हालचाल ते सावज पकडताना करते. खेळताना हाताचाच खेळणे म्हणून उपयोग केला, तर मांजराच्या दृष्टीने हात व सावज यांत फरक उरत नाही.

त्वचेवरील परिणाम : केवळ बाह्यत्वचा खरवडली गेल्यास काही मिनिटांत गुलाबी उंचवटा उमटतो, आग होते आणि दोनतीन दिवसांत ती शमते. अशा ओरखड्यातून रक्त येत नाही, कारण बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. रक्ताचे बारीक थेंब दिसणे ही नख अंतस्त्वचेपर्यंत पोहोचल्याची खूण होय व पुढील निर्णयांच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरते. काही व्यक्तींत ओरखड्याभोवती गांधी उठतात व खाज सुटते. मांजराची लाळ व त्वचा यांतील प्रथिनांना आलेली ही ॲलर्जीजन्य प्रतिक्रिया असते, जंतुसंसर्ग नव्हे. ती सामान्यतः काही तासांत ओसरते. त्या उलट दुसऱ्या दिवशी वाढत जाणारी लाली, ठणका, पू किंवा जखमेपासून वर सरकणारी तांबडी रेघ ही जंतुसंसर्गाची लक्षणे असून त्यांसाठी वैद्याकडे जाणे आवश्यक असते. मांजराच्या तोंडात सर्रास आढळणारा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू लाळेने माखलेल्या नखांवाटेही जखमेत शिरू शकतो. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे वेग : जखमेनंतर २४ तासांच्या आतच सूज व तीव्र वेदना सुरू होतात. त्वचेवर नेहमी राहणारे पुंजगोलाणू व मालागोलाणू यांमुळे होणारा संसर्ग त्या मानाने सावकाश वाढतो.

तात्कालिक उपचार : जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने किमान १५ मिनिटे धुणे हा पहिला व सर्वांत परिणामकारक उपचार होय. नळ नसल्यास तांब्याने पाण्याची धार सोडून धुवावे. साधा अंगाचा वा कपड्यांचा साबण चालतो. पंधरा मिनिटे हा अवधी घड्याळ लावल्यावाचून पुरा होत नाही. बहुतेक लोक एका मिनिटात हात पुसून मोकळे होतात. साबणाचा उपयोग केवळ मळ काढण्यापुरता नसतो. अलर्क रोगाच्या (रेबीजच्या) विषाणूभोवती मेदयुक्त आवरण असते आणि साबणामुळे ते विरघळून विषाणू निकामी होतो. धुतल्यानंतर जखम स्वच्छ कापडाने टिपून तिच्यावर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. रक्त थांबले नसेल, तर स्वच्छ कापड दाबून धरावे. ओरखडा शक्यतो उघडा ठेवावा; कपड्यांचा घासारा लागत असल्यास सैल पट्टी बांधावी.

हळद, चुना, तिखट, मीठ, तेल, तंबाखू, कॉफीची पूड असे पदार्थ जखमेत भरण्याची चाल अनेक घरांत आहे. किरकोळ कापण्यावर हळद दाबण्याचा परिपाठ जुना असला, तरी प्राण्याने केलेल्या जखमेवर यांपैकी काहीही लावू नये. या पदार्थांनी क्षोभ होतो, जखम झाकली जाऊन तिची खोली कळत नाही आणि औषध टाकले या समाधानात धुण्याचे राहून जाते. जखम डागणे किंवा तिच्या वर दोरी आवळून बांधणे हेही निरुपयोगी व घातक आहे.

धनुर्वाताचा जंतू प्रामुख्याने मातीत असतो व मातीत उकरणाऱ्या मांजराच्या नखांवाटे तो जखमेत जाऊ शकतो. लहानपणीच्या मात्रा पूर्ण झालेल्या व्यक्तीने खोल वा मळलेल्या जखमेनंतर, शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास, पूरक मात्रा घ्यावी. स्वच्छ व उथळ जखमेसाठी ही मर्यादा १० वर्षांची मानतात [⟶ धनुर्वात].

अलर्क रोगाचा धोका : भारतात माणसाला होणारा अलर्क रोग बव्हंशी कुत्र्याच्या चाव्यामुळे होतो. यावरून तो फक्त कुत्र्यापासूनच होतो आणि तोही फक्त चाव्यामुळेच होतो, असे दोन चुकीचे निष्कर्ष लोकांत रूढ झाले आहेत. पिसाळलेल्या कुत्र्याशी वा अन्य प्राण्याशी झटापट झालेल्या मांजराला हा रोग होतो. रोगट मांजर बहुधा आक्रमक अवस्थेत असते व एकाच झेपेत चावते आणि ओरबाडते. रोगाचा विषाणू लाळेत असतो. मांजर दिवसातील बराच वेळ पंजे चाटण्यात घालविते, त्यामुळे लाळ नखांवर असणे ही नित्याची गोष्ट आहे. या कारणास्तव जागतिक आरोग्य संघटना व भारतातील मार्गदर्शक तत्त्वे ओरखड्याची गणना संसर्गाच्या संभाव्य मार्गांत करतात.

उपचारांसाठी प्राण्याशी आलेल्या संपर्काचे तीन वर्ग केले जातात. प्राण्याला हात लावणे, खाऊ घालणे किंवा त्याने अखंड त्वचा चाटणे हा पहिला वर्ग असून त्यात लशीची गरज नसते. रक्त न येणारा किरकोळ ओरखडा दुसऱ्या वर्गात मोडतो व त्यासाठी जखम धुऊन ताबडतोब लस सुरू करावयाची असते. त्वचा भेदून रक्त आणणारा ओरखडा, चावा, तसेच ओरखड्यावर किंवा डोळे-तोंड यांच्या श्लेष्मल पटलावर लाळ लागणे हा तिसरा वर्ग होय. त्यात लशीच्या जोडीने रेबीज इम्युनोग्लोब्युलिन जखमेत व तिच्याभोवती टोचावे लागते. लस शरीरात प्रतिपिंडे निर्माण करते, पण त्यास सु. एक ते दोन आठवडे लागतात; तोवरच्या काळात जखमेच्या जागीच विषाणूला अडविण्याचे काम हे तयार प्रतिपिंड करते. म्हणून ते दंडात न देता प्रथम जखमेतच द्यावयाचे असते.

लस दोन प्रकारे देतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसाला शून्य मानून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी एकेक मात्रा असते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ व २८ या दिवशी दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०·१ मिलि. लस टोचतात, तीत लस कमी लागत असल्याने शासकीय व नगरपालिकांच्या रुग्णालयांत तिचा प्रसार झाला आहे. स्नायूतील लस दंडात, लहान बालकांत मांडीच्या पुढील-बाहेरील भागात देतात. कुल्ल्यात देत नाहीत, कारण तेथील चरबीमुळे ती नीट लागू पडत नाही. गर्भारपण, स्तनपान किंवा बाल्यावस्था यांपैकी कशानेही या लशीला मज्जाव होत नाही. पूर्वी संपूर्ण लसीकरण झालेल्या व्यक्तीस शून्य व तिसरा अशा दोनच दिवशी मात्रा पुरतात व इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

लस टाळण्याची वृत्ती काही प्रमाणात जुन्या आठवणींतून आली आहे. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस भारतात अनेक दशके वापरात होती. तिची ‘पोटातील चौदा इंजेक्शने’ वेदनादायक होती व तिच्यामुळे क्वचित पक्षाघातासारखे उपद्रवही होत. तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस भारतात बंद झाले. पेशीसंवर्धनावर बनविलेल्या हल्लीच्या लशींचा त्या लशीशी नावापुरताच संबंध आहे. तरीही पोटात सुया टोचतील या भीतीने मूल ओरखडा लपविते आणि मोठी माणसेही चालढकल करतात.

ओरखडणारे मांजर घरचे वा ओळखीचे असेल, तर ते १० दिवस नजरेखाली ठेवावे. लाळेतून विषाणू बाहेर पडू लागल्यावर मांजर व कुत्रा हे प्राणी थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतात. म्हणून दहाव्या दिवशी मांजर धडधाकट असल्यास ओरखड्याच्या वेळी ते संसर्गजन्य नव्हते असे ठरते व वैद्याच्या सल्ल्याने पुढील मात्रा थांबविता येतात. दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करणे मात्र चुकीचे होय : लस लगेच सुरू करावयाची व निरीक्षण तिच्या बरोबरीने चालवावयाचे असते. मांजर नाहीसे झाले, आजारी पडले वा मेले, तर मात्रा पूर्ण कराव्यात. रागाच्या भरात मांजराला मारून टाकण्याने निरीक्षणाचा हा मार्गच बंद होतो. मांजराचे लसीकरण झालेले आहे एवढ्यावरूनही निर्धास्त राहता येत नाही, कारण दिलेल्या लशीचा परिणाम झालाच असेल याची खात्री नसते. विषाणू तंत्रिकांमधून मेंदूकडे जाण्यास सामान्यतः एक ते तीन महिने, क्वचित काही दिवस किंवा वर्षाहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे उशीर झाला तरी लस घेणे सार्थ असते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोग जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो [⟶ अलर्क रोग].

मार्जार-ओरखडा ज्वर : ओरखड्यामुळे होणाऱ्या आजारांपैकी खास मांजराशी निगडित असा हा रोग. ओरखड्यानंतर ३ ते १० दिवसांनी त्या जागी लहान पीटिका (पुरळासारखा उंचवटा) येते. ती किड्याच्या चाव्यासारखी दिसते व बहुधा कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, मूळ जखम बुजत आली असताना, त्या बाजूच्या लसीका ग्रंथी सुजून दुखू लागतात. जखमेमुळे काखेत वा जांघेत आलेल्या गाठीला मराठीत अवधाण म्हणतात. तथापि नेहमीचे अवधाण जखमेबरोबर ओसरते, तर येथे जखम बरी होते आणि गाठ वाढत राहते. हातावरील ओरखड्यामुळे कोपराजवळील किंवा काखेतील, चेहऱ्यावरील ओरखड्यामुळे मानेतील ग्रंथी सुजतात. काहींना हलका ताप, थकवा, डोकेदुखी व अरुची असते. मुले व तरुण यांत हा रोग अधिक आढळतो.

या रोगाचा शोध ही एक लांबलेली कथा आहे. फ्रेंच नेत्रवैद्य आंरी पारिनो यांनी १८८९ मध्ये प्राण्यांच्या संपर्कानंतर एका डोळ्याला होणारा शोथ व त्याच बाजूच्या कानापुढील ग्रंथीची सूज यांचे वर्णन केले; तो याच रोगाचा एक प्रकार असतो हे फार नंतर कळले. पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ रॉबेअर दब्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांजराच्या ओरखड्याचा आणि ग्रंथींच्या सुजेचा संबंध स्पष्टपणे मांडला. कारक जंतू मात्र सापडत नव्हता. कित्येक वर्षे रुग्णाच्या ग्रंथीतील पुवापासून केलेला प्रतिजन त्वचेत टोचून निदान करीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही चाचणी पुढे सोडून देण्यात आली. १९८३ मध्ये वॉशिंग्टन येथील सैनिकी विकृतिविज्ञान संस्थेत डग्लस वेअर व सहकाऱ्यांना चांदीच्या संयुगाने रंगविलेल्या ग्रंथीच्या छेदांत सूक्ष्म दंडाणू दिसले. तेथेच संवर्धनात मिळालेल्या एका जंतूला संस्थेच्या आद्याक्षरांवरून अफिपिया फेलिस हे नाव १९९१ मध्ये देण्यात आले व प्रश्न सुटला असे वाटले. पण पुढील वर्षीच रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे निराळ्याच जंतूकडे बोट दाखवू लागली. हा जंतू आता बार्टोनेला हेन्सेली या नावाने ओळखला जातो आणि बहुतेक सर्व रुग्णांत तोच कारणीभूत असल्याचे मान्य झाले आहे.

हा जंतू मांजराच्या रक्तात महिनोन् महिने राहतो, तरी मांजर बहुधा निरोगी दिसते. एका मांजराकडून दुसऱ्याकडे तो मांजराच्या पिसवांमार्फत जातो, हे १९९६ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. पिसवांच्या विष्ठेत जंतू असतात. अंग खाजविताना ही विष्ठा मांजराच्या नखांखाली साठते व ओरखड्याबरोबर माणसाच्या त्वचेत पेरली जाते. एक वर्षाहून लहान पिलांच्या रक्तात जंतू अधिक प्रमाणात आढळतो व पिलेच अधिक ओरबाडतात, म्हणून धोका मुख्यतः पिलांपासून असतो. येथे दोषी खरे तर पिसू असून नख हे केवळ वाहन आहे. मांजर हाकलून देण्यापेक्षा पिसवांचा नायनाट करणे अधिक शहाणपणाचे, असे यावरून निघते.

सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीत रोग दोन ते चार महिन्यांत औषधावाचूनही बरा होतो. सु. दहांपैकी एका रुग्णात ग्रंथीत पू होतो. तो सुईने काढून घेतात, चीर देणे शक्यतो टाळतात, कारण तेथे दीर्घकाळ वाहणारी नाडी राहण्याचा संभव असतो. ॲझिथ्रोमायसिन हे औषध ५ दिवस दिल्यास गाठ लवकर लहान होते. क्वचित यकृत, प्लीहा, हृदयाच्या झडपा, डोळ्याचे जालपटल किंवा मेंदू यांत रोग पसरतो. एचआयव्ही संसर्ग, अवयवरोपण वा कर्करोगावरील औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तीत त्वचेवर रक्तवाहिन्यांच्या लालसर गाठी येतात व उपचाराअभावी जिवाला धोका उद्भवतो.

भारतात मानेत किंवा काखेत गाठ दिसली की प्रथम क्षयाची शंका घेतली जाते आणि क्षयाचे येथील प्रमाण पाहता ते रास्तच आहे. परंतु दोन्ही रोगांत ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत कणार्बुदे व मध्यभागी मृत ऊतक असे बरेचसे सारखे चित्र दिसू शकते. घरात मांजराचे पिलू आहे काय, अलीकडे त्याने ओरखडले होते काय, हे दोन प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. ते न विचारल्यास आपोआप बऱ्या होणाऱ्या गाठीसाठी सहा महिन्यांची क्षयाची औषधे माथी येण्याची शक्यता राहते. रुग्णानेही ही माहिती न विचारता सांगावी.

ब्राझीलमध्ये, विशेषतः रीओ दे जानेरो परिसरात, १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस या कवकाचा संसर्ग मांजरांच्या ओरखड्यांवाटे माणसांत मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. भारतात हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात या वंशातील कवकाचे रुग्ण आढळतात. त्यांना संसर्ग प्रामुख्याने माती, काटे व वनस्पती यांपासून होतो. हातापासून वर रांगेने चढत जाणाऱ्या, न भरणाऱ्या गाठी हे त्याचे लक्षण होय. गर्भवतींना ज्या टॉक्सोप्लाझ्मा परजीवीची धास्ती असते, तो ओरखड्यातून पसरत नाही. मांजराची विष्ठा, तिने दूषित झालेली माती आणि कच्चे मांस हे त्याचे मार्ग आहेत.

चेहरा व डोळा : बुबुळावर नख लागल्यास डोळा चोळू नये, त्यावर दाब देऊ नये व घरातील उरलेले थेंब घालू नयेत, स्टेरॉइडयुक्त थेंबांनी संसर्ग बळावून दृष्टी जाण्याची भीती असते. जखम सूक्ष्म असली, तरी त्याच दिवशी नेत्रवैद्याला दाखवावे. चेहरा, मान व बोटांची टोके या तंत्रिकांनी समृद्ध जागा असून तेथील जखमांत अलर्क रोगाचा धोका अधिक मानतात. मधुमेही व्यक्तींनी पायावरील ओरखडा रोज तपासावा, कारण संवेदना कमी झाल्याने ठणका जाणवत नाही.

व्रण : बाह्यत्वचेपुरता ओरखडा वण ठेवत नाही, अंतस्त्वचा चिरली गेली असल्यास बारीक रेघ राहते. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत जखमेच्या जागी काही महिने टिकणारा काळसर डाग पडतो. तो वण नसून रंगद्रव्याचा साठा असतो व उन्हापासून जपल्यास हळूहळू फिका होतो. खपली नखाने काढू नये. धुतलेल्या, संसर्गरहित जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ठेवल्यास ती लवकर भरते. ओलसर राहिलेली जखम कोरडीपेक्षा वेगाने बुजते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांनी दाखविले होते. छाती, खांदे व कानाची पाळी येथे काही व्यक्तींत वण फुगून व्रणार्बुद होते. अशी प्रवृत्ती ठाऊक असल्यास त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला लवकर घ्यावा.

प्रतिबंध : मांजर सहसा पूर्वसूचना दिल्यावाचून ओरबाडत नाही, ती सूचना माणसाला वाचता येत नाही इतकेच. शेपटीचे फटके, मागे दुमडलेले कान, विस्फारलेल्या बाहुल्या, पाठीच्या कातडीची थरथर, अंगाचा एकाएकी आलेला ताठरपणा यांपैकी काहीही दिसताच कुरवाळणे थांबवावे. पोट उघडे टाकून लोळणारे मांजर पोट खाजवून मागत असतेच असे नाही; त्या स्थितीत चारही पंजे सज्ज असतात. जेवणाऱ्या, झोपलेल्या, आजारी अथवा कोंडीत सापडलेल्या मांजराला हात लावू नये. व्यालेली मांजरी पिलांसाठी विशेष आक्रमक असते. मांजर पिले सात घरी फिरवते असे म्हणतात; माळ्यावर वा लाकडांच्या ढिगात तिने ठेवलेली पिले उचलण्याच्या मोहात मुलेच अधिक पडतात व त्यांनाच अधिक जखमा होतात. पाच-सहा वर्षांखालील मूल आणि मांजर यांना एकटे सोडू नये.

पिलाच्या आयुष्यातील दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाळण्याचा काळ असतो. या काळात माणसांच्या हाताळणीची सवय झालेली पिले पुढे कमी ओरबाडतात. खेळण्यासाठी काठीला बांधलेली चिंधी वा कागदाची बोळी वापरावी, बोटे नव्हेत. खेळ संपल्यावर दोरा मात्र उचलून ठेवावा, कारण गिळलेल्या दोऱ्याने आतड्यास इजा होते. खेळात पंजा लागला तर मारू नये. माराने मांजर हाताला भिऊ लागते आणि भ्यालेले मांजर अधिक ओरबाडते. निमूटपणे उठून जाणे पुरेसे असते.

दर दोनतीन आठवड्यांनी नखांची टोके कापावीत. बोट हलकेच दाबले की नख बाहेर येते. जिवंत गुलाबी भाग सोडून पुढील बाकदार टोक तेवढे खास नखकात्रीने छाटावे. एका बैठकीत दोनच नखे कापली गेली, तरी बिघडत नाही. काथ्याची दोरी गुंडाळलेला किंवा गोणपाट ठोकलेला, मांजर उभे ताणून राहू शकेल इतका उंच व न डळमळणारा खांब घरात ठेवल्यास सामानाची नासधूस टळते. पशुवैद्याकडे नेताना मांजर हातात न घेता झाकणाच्या टोपलीत न्यावे व हाताळताना जाड पंचात गुंडाळावे. भांडणाऱ्या मांजरांमध्ये हात घालणे हे वाईट ओरखड्यांचे एक हमखास कारण आहे. वरून चादर टाकली वा भांड्याचा मोठा आवाज केला की ती वेगळी होतात. नसबंदीने बोक्यांची भटकंती व मारामाऱ्या कमी होतात.

मांजराला सु. तीन महिन्यांचे झाल्यावर अलर्क रोगाची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे द्याव्यात. पिसवांसाठी मांजराला योग्य तेच औषध वापरावे. कुत्र्यांसाठी विकली जाणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला विषारी असून त्यांनी झटके येऊन ते दगावू शकते; घरात दोन्ही प्राणी असल्यास ही चूक सहज घडते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी पिलाऐवजी एक वर्षाहून मोठे, पिसवारहित मांजर पाळावे.

ओरखड्याच्या त्रासाला कंटाळून नखे समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत केली जाते. तीत नखाबरोबर शेवटची अंगुलास्थीही छाटावी लागते. माणसाच्या दृष्टीने ती बोटांची पेरी कापण्यासारखीच होय. तिच्यामुळे चालण्यात वेदना राहू शकतात आणि नखे गमावलेले मांजर चावण्याकडे वळण्याचा संभव असतो. मांजराचा चावा ओरखड्याहून खोल व अधिक संसर्गकारक असतो. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाविषयीच्या १९८७ च्या यूरोपीय कराराने ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरविली व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये सर्वप्रथम तिच्यावर बंदी घातली. अपवाद फक्त मांजराच्या स्वतःच्या आजारासाठी, उदा., नखाच्या मुळाशी झालेल्या अर्बुदासाठी, ठेवण्यात आला आहे.